माशीच्या वजनाचा पैलवान

रांझीतल्या पोरांना मेक्सिकोची कुस्ती टीव्हीमुळे माहीत आहे. मुखवटा घालून रिंगच्या दोरांवरून झेपावणारा मेक्सिकन वंशाचा रे मिस्टेरियो त्यांना नावानं ठाऊक असतो. मेक्सिकोत १९३३ साली साल्वादोर लुत्तेरोथनं कंपनी काढून कुस्तीला धंद्याचं रूप दिलं. तिथल्या ‘लुचा लिब्रे’त पुढे बुटक्या, हलक्या मल्लांचीही चलती झाली. निकाल आधी ठरलेला असला तरी झेप खरी असते आणि ती चुकली तर मानही खरीच मोडते. आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि ती शिवी असते.

याच मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला १९५२ साली हेलसिंकीत एका मराठी पैलवानानं चीत केलं होतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. उंची जेमतेम साडेपाच फूट. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ज्या फ्लायवेट गटात उतरले, त्याची मर्यादा ५२ किलो होती. ‘फ्लाय’ म्हणजे इथे माशी, उड्डाण नव्हे. पण खाशाबांच्या चपळाईला दोन्ही अर्थ शोभतात.

कोल्हापूरच्या मातीला हे वजन पेलवणारं नव्हतं, असं माझं मत आहे. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात शेवटची, मोठ्या इनामाची जोड अजस्र देहांची असे. हलक्या पोरांच्या कुस्त्या दुपारीच, प्रेक्षक अजून जागा धरत असताना उरकत. वजनाचे गट पाडणारी मॅट आली, तेव्हा कुठे लहानखुऱ्या मल्लाला त्याच्या मापाचा प्रतिस्पर्धी मिळाला. खाशाबांना मॅटची सवय नव्हती. तरी लंडनमध्ये ते सहावे आले. तिथं अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवलं.

हेलसिंकीला जायचे पैसे उभे करताना राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. या वेळी गट बँटमवेट, ५७ किलोंचा. कॅनडाचा पोलिकँ, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ हे हरले. पुढे जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह यांच्याशी हार झाली. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही आणि हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. तरीही कांस्य आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, तेही टेनिसमध्ये. कुस्तीतलं पुढचं २००८ चं.

कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं. हे मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं होतं, राजाश्रय आटला होता. ऋण फेडायला पुन्हा मातीच कामी आली.

त्यानंतर फार काही उरलं नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघा दुखावला आणि १९५६ चं मेलबर्न हुकलं. लंडन ते हेलसिंकी, एवढीच त्यांची जागतिक कारकीर्द; चार वर्षांची.

त्याच दशकात दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल दंगली गर्दी खेचत होत्या. त्या तिकिटांवर पैलवानाचं घर चालत असे, पण तिथंही मान देहालाच. ५७ किलोंच्या माणसाला त्या रिंगणात कोण बोलावणार? मेक्सिकोत तेवढ्याच अंगाच्या मल्लाला मुखवटा, नाव आणि आठवड्याची कमाई मिळू शकली असती. इथं त्याच्या वाट्याला खाकी वर्दी आली. बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं आणि निवृत्तिवेतनासाठीही झगडावं लागलं.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. दिल्लीतल्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या कुस्तीच्या सभागृहाला आता त्यांचं नाव आहे, आणि तिथं सव्वाशे किलोंचे मल्लही लढतात.