मारुत: नाव वाऱ्याचं, इंजिन उसनं

बंगळुरूत सुरंजन दास रोड नावाचा रस्ता आहे. आयटीत काम करणारी कितीतरी मराठी पोरं या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात. मीही अडकलोय. एकदा कंटाळून फोनवर शोधलं की हे दास कोण. उत्तर निघालं टेस्ट पायलट. १७ जून १९६१ रोजी त्यांनी एचएफ-२४ मारुत पहिल्यांदा आकाशात नेलं. भारतात विकसित झालेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान.

मरुत म्हणजे वारा. आपल्या गावोगावच्या मारुतीचं नावही त्यातूनच आलेलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडावं अशी ज्या विमानाकडून अपेक्षा होती, त्याला याहून चांगलं नाव मिळालं नसतं.

विमानाचा आराखडा होता कुर्ट टँक यांचा. दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० हे जर्मन विमान त्यांचंच. युद्धानंतर ते अर्जेंटिनात गेले आणि १९५६ मध्ये बंगळुरूला, हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले. तेव्हा आपल्याकडे सुपरसॉनिक विमानाचा अनुभव शून्य होता. म्हणून आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बनवलं, ते डकोटा विमानाने ओढून वर नेलं आणि मग मोकळं सोडलं. आराखडा हवेत कसा वागतो ते इंजिनाशिवायच तपासलं.

गंमत अशी की पुढेही विमानाला हवं ते इंजिन कधी मिळालंच नाही.

मारुतची रचना ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीचं ऑर्फियस १२ हे इंजिन गृहीत धरून केली होती. हे इंजिन तेव्हा तयार व्हायचं होतं. ब्रिटनकडून येणारा पैसा थांबला. कंपनीने भारताला खर्च उचलण्याबद्दल विचारलं, भारताने नकार दिला. मग आफ्टरबर्नर नसलेली, कमी ताकदीची ऑर्फियस ७०३ इंजिनं बसवली. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न संपलं. विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच घुटमळत राहिलं. इजिप्तमध्ये बनत असलेलं इंजिनही लावून पाहिलं, तो प्रकल्पही गुंडाळला गेला.

याच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडून चाचण्या सुरू झाल्या. १० जानेवारी १९७० रोजी असंच एक विमान कोसळलं. ते उडवणारे सुरंजन दास त्यात गेले.

तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर जमिनीवरच्या माऱ्यासाठी मारुत वापरलं गेलं आणि टिकाऊ ठरलं. एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्यावर तळ गाठल्याच्या नोंदी आहेत. एकूण १४७ विमानं बनली.

मग आलं तेजस. जानेवारी २००१ मध्ये पहिलं उड्डाण, २००३ मध्ये वाजपेयींनी दिलेलं नाव. हे विमान मुद्दाम अस्थिर बनवलंय, कारण त्यामुळे ते चपळ होतं. संगणक सतत सावरत असतो म्हणूनच ते उडतं. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि या प्रणालीवर चालू असलेलं सहकार्य तुटलं. आपल्या इंजिनिअरांनी ती इथे पूर्ण केली. कोड लिहून पोट भरणाऱ्या मला याचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

पण इंजिन? अमेरिकेच्या जीईचं एफ-४०४. आपलं कावेरी इंजिन पुरेशी ताकद देऊ शकलं नाही आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. जेट इंजिन अवघड का, तर त्यातल्या टर्बाइनची पाती ज्या धातूची असतात, तो वितळेल त्याहून गरम वायूत ती फिरतात. असा धातू ओतायला आणि थंड ठेवायला शिकण्यात पिढ्या जातात. सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करून संध्याकाळी पुन्हा चालवून बघता येतं. इथे तुटलेल्या पात्यापासून शिकायचं असतं, आणि तशी पाती तोडायला वर्षानुवर्षं पैसा लागतो. तो खर्च करायचा की वाचवायचा, हा प्रश्न आपल्याला मारुतच्याच वेळी पडला होता. आपण वाचवला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. आनंद झालाच. पण त्याच सुमारास याच मालिकेतली इतर विमानं अमेरिकेतून येणाऱ्या इंजिनांची वाट बघत होती. विमानाला नाव द्यायचं काम एका दिवसाचं असतं. उरलेल्या कामाची किंमत किती असते, ते सुरंजन दास रोडवर सिग्नल सुटेपर्यंत आठवायला हरकत नाही.