निर्भेळ

सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यातला ‘बारा’ फारसा कुणी वाचत नाही. गाव नमुना सात हक्कांचा, बारा पिकांचा. या बाराच्या जुन्या रकान्यांत एक देखणा शब्द बसला होता: ‘निर्भेळ पिकाखालील क्षेत्र’.

प्राकृतात ‘भेलइ’ म्हणजे मिसळतो. आपलं ‘भेळणे’ आणि चौपाटीवरची भेळ याच कुळातली. त्याला संस्कृत ‘निर्’ लागला आणि निर्भेळ झाला. देशी शब्दाला संस्कृत उपसर्ग. म्हणजे शुद्धतेची ग्वाही देणारा हा शब्द स्वतःच भेळ! आपण निर्भेळ यश म्हणतो, निर्भेळ आनंद म्हणतो. महसुली भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की शेतात एकच पीक आहे. शेजारी ‘मिश्र पिका’लाही रकाना होता, मात्र त्याला संकेत क्रमांक द्यायचा आणि मग घटक पिकांत क्षेत्र वाटून टाकायचं.

वऱ्हाडातल्या वावरात ही वाटणी अवघड होते. कपाशीच्या सहा-आठ ओळींमागे तुरीचा पाटा, मधे मूग, धुऱ्यावर अंबाडी. मूग पोळ्याच्या आसपास घरात येतो, तूर संक्रांतीपर्यंत उभी असते. एकाच जमिनीवर दोघांचा हक्क, फक्त वेळा वेगळ्या.

धोरण मात्र पीकवार चालतं. हमीभाव पिकाला, विमा अधिसूचित पिकाला. कृषी-परिस्थितिकीचं संशोधन इथेच बोट ठेवतं. मीड आणि हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ संशोधन संस्थेतले विली या संशोधकांनी १९८० मध्ये ‘जमीन-तुल्यता गुणोत्तरा’ची मांडणी केली. समजा, मिश्र शेतात निर्भेळच्या तुलनेत कपाशी ७० टक्के आणि तूर ५० टक्के आली, तर गुणोत्तर १.२; म्हणजे एका एकरात जे पिकलं, त्याला वेगवेगळं पेरून सव्वा एकराच्या आसपास जमीन लागली असती. अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये पुढे आणलेली ‘टेप’ ही मोजणी तर उत्पन्नासोबत जमिनीचा कस, घरातला आहार आणि तरुणांचा रोजगारही पाहते.

मराठीत उतारा कागदाचा असतो तसा पिकाचाही असतो. कागदावरच्या उताऱ्यावरून धोरण आखायचं, तर तुरीचा वेगळा, कपाशीचा वेगळा विचारून भागणार नाही. अख्ख्या वावराचा उतारा विचारावा लागेल.