ख्रिस्तैक्य

ख्रिस्तैक्य : पवित्र आत्म्याच्या द्वारे श्रद्धावंताचा येशू ख्रिस्ताशी जडणारा आध्यात्मिक संयोग. या संकल्पनेचा उगम नव्या करारात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १५) ख्रिस्त द्राक्षवेल आणि शिष्य तिचे फाटे आहेत. वेलीपासून तुटलेला फाटा वाळतो, फळ देत नाही. पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्तामध्ये’ असणे हा विचार सतत येतो. त्याचे सर्वांत ठसठशीत रूप रोमकरांस पत्रात (अध्याय ६) दिसते : बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताच्या मरणात सहभागी होतो, त्याच्याबरोबर पुरला जातो आणि नव्या जीवनात चालू लागतो (→ बाप्तिस्मा).

या ऐक्यात व्यक्तीचे वेगळेपण लोपत नाही. म्हणून अद्वैत वेदान्तातील जीव-ब्रह्म अभेदाहून ते भिन्न ठरते (→ अद्वैतवाद). पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा त्याचा विचार दिव्यीकरणाच्या, म्हणजे मानवाने ईश्वरी जीवनात सहभागी होण्याच्या, अंगाने करते. रोमन कॅथलिक परंपरेत संस्कारांवर, विशेषतः ख्रिस्तप्रसादावर भर आहे. आव्हिलाच्या तेरेसा यांनी १५७७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आत्म्याची वाटचाल सात दालनांतून आध्यात्मिक विवाहापर्यंत रेखाटली आहे (→ गूढवाद). प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांच्या मते ख्रिस्त आपल्याबाहेर असेतोवर त्याचे तारणकार्य आपल्याला निरुपयोगीच राहते. नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे ही दोन्ही या एकाच संयोगाची फळे आहेत, असे त्यांनी मानले. प्रॉटेस्टंट तारणविचारात म्हणूनच त्याचे स्थान मध्यवर्ती आहे.

मराठीत ख्रिस्तैक्याचा हा अनुभव ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांतून संतपरंपरेच्या भक्तिभाषेत व्यक्त झाला (→ टिळक, नारायण वामन).