रुळांची वाट आणि घराचा कठडा

ठाण्याला आगगाडी रोमच्या आधी आली. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु ते अक्षरशः खरे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन एकवीस मैलांवरील ठाण्यास पोचली. त्या वेळी रोममधून एकही आगगाडी सुटत नव्हती. पोप सोळावे ग्रेगरी यांनी आपल्या राज्यात रेल्वेला परवानगीच दिली नव्हती. १८४६ साली त्यांच्यामागून आलेले पोप नववे पायस यांनी हे धोरण बदलले आणि १८५६ साली रोम ते फ्रास्काती ही पहिली गाडी धावली. पुढे तर धर्मविधींच्या रोमन ग्रंथात लोहमार्ग व त्यावरील डबे यांना आशीर्वाद देण्याचा विधीही समाविष्ट झाला. यंत्राला आरंभी भ्यायचे आणि मागाहून त्यावर पवित्र पाणी शिंपडायचे, असा हा प्रवास आहे. यंत्राचे भय बाळगू नये आणि त्याची पूजाही मांडू नये. ते कोणाच्या उपयोगी पडते आणि कोणाला मागे टाकते, एवढे मात्र विचारावे. ठाणे-कल्याणच्या रुळांकडे प्रस्तुत लेखात आम्ही याच दृष्टीने पाहणार आहोत.

ठाणे हे मुळात बंदर. १३२१ साली तोलेन्तिनोचे थॉमस व त्यांचे तीन सहकारी येथे हुतात्मे झाले, ते जलमार्गानेच येथे येऊन पोचले होते. शतकानुशतके ठाण्याचा जगाशी संबंध होता तो खाडीमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ही दिशाच बदलून टाकली. जगन्नाथ शंकरशेठ व जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईकरांनी या उपक्रमाचा पाठपुरावा केला होता आणि जेम्स बर्कली हे कंपनीचे मुख्य अभियंता होते. १ मे १८५४ रोजी ठाण्याची खाडी ओलांडून मार्ग कल्याणपर्यंत गेला. कल्याणहून त्याला दोन फाटे फुटले: एक कसाऱ्याकडून थळ घाटाकडे, दुसरा कर्जतकडून बोर घाटाकडे. १८६३ साली बोर घाटाची वाट खुली झाली आणि १८६५ साली गाडी इगतपुरीस पोचली. बोर घाटात सदतीस फुटांमागे एक फूट इतका तीव्र चढ होता. सरळ चढणे अशक्य म्हणून गाडी मध्येच थांबवून उलट दिशेने पुढे काढावी लागे. या घाटांच्या कामावर पटकी, तापाची साथ व अपघात यांनी हजारो मजूर दगावले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. बोर घाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते काम पुढे चालवले, एवढे मात्र इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

या मार्गावरील पुढची मोठी सुधारणा पारसिकची. खाडी ओलांडल्यावर समोर पारसिकचा डोंगर आडवा येतो. मूळचा मार्ग डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जात असे. १९१६ साली सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा बोगदा पूर्ण झाला आणि जलद गाड्यांना सरळ वाट मिळाली. वळसा वाचला, म्हणजे वेळ वाचला.

त्यानंतर आली वीज. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. थोड्याच वर्षांत दीड हजार व्होल्टच्या तारा कल्याणपर्यंत आल्या आणि १९३० पर्यंत दोन्ही घाट चढून पुणे व इगतपुरीस पोचल्या. या विजेसाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे औष्णिक वीजगृह उभारले. घाटातले ते उलटे फिरणे संपले. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. वाफेच्या इंजिनाला थांबायला व पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. विजेची गाडी मात्र झटकन थांबते आणि झटकन सुटते. थोड्या थोड्या अंतरावर स्थानके आणि थोड्या थोड्या मिनिटांनी गाडी, ही आपली 'लोकल' विजेशिवाय शक्यच नव्हती. डोंबिवलीसारखे गाव शहर झाले ते या विजेच्या आधारावर.

आपल्या समाजाचाही या रुळांशी जुना ऋणानुबंध आहे. इंजिनचालक, गार्ड, फिटर, कारकून अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने ठिकठिकाणची कॅथलिक कुटुंबे कल्याण, इगतपुरी, लोणावळा येथे स्थायिक झाली. १९८८ साली सिरो-मलबार परंपरेच्या भाविकांसाठी जो धर्मप्रांत स्थापन झाला, त्याला कल्याणचे नाव मिळाले. नोकरीसाठी दूरवरून आलेल्या माणसांच्या पाठोपाठ वेदी आली.

अलीकडच्या सुधारणाही लहान नव्हेत. दीड हजार व्होल्टच्या तारांतून फार मोठा प्रवाह खेळवावा लागतो; गाड्या वाढल्या व लांबल्या की ही पद्धत अपुरी पडते. म्हणून टप्प्याटप्प्याने पंचवीस हजार व्होल्टची नवी पद्धत आणण्यात आली आणि २०१६ साली मुंबईच्या उपनगरी मार्गांवर हे स्थित्यंतर पूर्ण झाले. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज निर्माण करून ती तारेत परत देतात. २०१२ साली मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल धावली. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. पारसिकच्या बोगद्याची वाट प्रामुख्याने मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या वाट्याला आली आणि जलद लोकल पुन्हा मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या.

आता वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा नजरेखालून घालावी. पूल, घाट, बोगदा, वीज, जास्त डबे, जास्त मार्गिका. यांतील प्रत्येक गोष्ट वेळ वाचवण्यासाठी किंवा अधिक माणसे वाहून नेण्यासाठी झाली. डब्याचे दार मात्र उघडे ते उघडेच राहिले.

९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर कोसळले. त्यांतील काही घरी परतलेच नाहीत. ही एका दिवसाची बातमी झाली. परंतु रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या काळात वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावत आली आहेत. अशा मृत्यूंना आपण सरावलो आहोत. 'दारात कशाला उभे राहायचे?' असे आपण सहज म्हणून जातो. दिव्याच्या किंवा डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभा असलेला माणूस हौसेने दारात उभा राहत नाही. आत शिरायला जागाच नसते आणि कामावर वेळेत पोचणे भाग असते.

दार बंद का केले नाही, याला तांत्रिक कारणे आहेत व ती खोटी नाहीत. खच्चून भरलेल्या साध्या डब्यात हवा येते ती मुख्यतः दारातून. ते बंद केले तर माणसे गुदमरतील. गाडी स्थानकात अर्धा मिनिट जेमतेम थांबते. गर्दीत दार मिटेपर्यंत मागच्या गाड्यांचे वेळापत्रक कोलमडते. म्हणजे दार बंद करायचे तर छतावरून हवा खेळवली पाहिजे, एका डब्यातून दुसऱ्यात जाता आले पाहिजे, गाड्या वाढल्या पाहिजेत. दार हे शेवटचे काम. त्याआधी पुष्कळ कामे करावी लागतात. पण ज्यांनी बोर घाट फोडला, त्यांच्या वारसांना हे अशक्य होते असे कोण म्हणेल?

बंद दारांची पहिली लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी, प्रभूजन्माच्या दिवशी धावली. मध्य रेल्वेच्या ठाणे-वाशी-पनवेल मार्गावर ती २०२० च्या जानेवारीत आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कल्याणच्या मुख्य मार्गावर. ती वातानुकूलित आहे. तिचे भाडे साध्या लोकलच्या कितीतरी पट आहे. सुरक्षित दार आधी मिळाले ते ज्याला परवडते त्याला. ही रीत जुनीच आहे. १८७० च्या दशकात याच कंपनीने गरिबांसाठी चौथा वर्ग काढला होता आणि त्या डब्यांत बसायला बाकेच नव्हती. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर, साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे व हवा खेळती ठेवणारी रचना देण्याचे रेल्वेने जाहीर केले. याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पवित्र शास्त्रात 'अनुवाद' या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा घाल. कोणी वरून पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. सेमिनरीत शिकताना हा नियम आम्ही इतर शेकडो नियमांबरोबर वाचला होता. आज तो फार मोठा वाटतो. पडणारा बेसावध होता काय, त्याने कडेला जायला नको होते काय, याची चौकशी तो नियम करीत नाही. कठडा होता की नव्हता, एवढेच तो विचारतो. आपल्या देशाचा कायदाही नकळत येथेच येऊन पोचला आहे. रेल्वे अधिनियमात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेचा दोष सिद्ध न करताही त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळते. मात्र भरपाई पडल्यानंतर मिळते आणि कठडा पडण्याआधी असावा लागतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या आपल्या परिपत्रकात सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य देण्याची गरज मांडताना गर्दी व असुरक्षितता यांमुळे प्रवाशांच्या प्रतिष्ठेला पोचणाऱ्या धक्क्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. लोकलच्या गर्दीला पोपमहोदयांच्या शिकवणीत जागा मिळावी, यात नवल नाही. माणसाची प्रतिष्ठा वेदीपाशी एक आणि फलाटावर दुसरी, असे असू शकत नाही.

आता याच परिसरात मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा एकवीस किलोमीटरचा बोगदा घेतला गेला आहे. त्यातील सुमारे सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखाली आहेत. तासाला तीनशे वीस किलोमीटर वेगाची ती गाडी दिव्याच्या अगदी जवळून जाईल. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी २०१८ साली झाली. या दोन्ही गाड्यांची दारे बंद असतील. ती बंद असावीत का, यावर कोणी चर्चासुद्धा केली नाही. जे नव्या गाडीत गृहीत धरले जाते, ते जुन्या गाडीत कृपा म्हणून मिळू नये.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली पहाटे डबा भरून याच लोकलने कामावर जातात आणि घरोघरच्या माता त्या परत येईपर्यंत घड्याळाकडे पाहत असतात. रात्रीच्या रोझरीत प्रवाशांसाठी एक 'नमो मारिया' अवश्य म्हणावी. परंतु रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चार माणसे जमतात, तेव्हा प्रवासी संघटनेच्या निवेदनावर सही करणे, आपल्या लोकप्रतिनिधीला साध्या लोकलच्या दारांविषयी विचारणे, हेही त्याच प्रार्थनेचे पुढचे पाऊल आहे. कठडा घालणे हे घर बांधणाऱ्याचे कर्तव्य. पण कठडा नाही, हे मोठ्याने सांगणे घरात राहणाऱ्यांचेही आहे.