बोलक्या बाहुलीची शाळा

२०२० च्या मार्च महिन्यात शाळांना कुलुपे लागली आणि आम्हां मास्तर मंडळींवर घरी बसून पाठ धाडण्याची वेळ आली. माझ्या वाट्याला श्वसनाचा पाठ होता. पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवून उभा केला, इस्त्रीचा सदरा चढवला आणि स्वच्छ वाणीने सांगितले, "श्वसनाच्या वेळी हवा नाकावाटे आत घेतली जाते व श्वासनलिकेतून ती फुप्फुसांपर्यंत पोचते." उच्चारात एक चूक नाही! मी आपल्यावरच खूष होतो. संध्याकाळी सातवीतल्या एका मुलीचा फोन आला. "सर, तुम्ही आज वाचत का होता? आमच्याशी बोलला का नाहीत?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढे सवडीने वाचीत गेलो तेव्हा कळले की, याच प्रश्नाने, आणि गंमत म्हणजे याच फुप्फुसांच्या पाठाने, अमेरिकेतल्या काही संशोधकांना आपल्या आधीच कामाला लावले होते. त्याचीच ही हकीकत.

बोलत बोलत शिकवणे आपल्याला नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांत. ज्याला पुस्तकी भाषेची धास्ती वाटावी, त्यालाही धोंडिबाच्या पाठोपाठ चालता येते. बाहुलीला बोलते करणारेही आपल्याकडे होऊन गेले. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या हातून बोलत राहिला. ओठ हलतात लाकडाचे, बोलतो माणूस. हे ठाऊक असूनही आपण पाहतो बाहुलीकडेच!

यंत्र बोलू लागले ते याच जादूच्या जोरावर. १९६६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एम.आय.टी. या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. नाव घेतले होते बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलवालीचे. आपण तिला ओळखतो. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली मराठीत आणलेली 'ती फुलराणी' ती हीच. ही यंत्रातली फुलराणी फार शहाणी नव्हती. तुम्ही टंकलेल्या वाक्यातला एखादा शब्द ती पकडी आणि ठरलेल्या साच्यात घालून तुमच्याकडेच परत पाठवी. आईचे नाव निघाले की म्हणे, घरच्यांविषयी आणखी सांगा. बस्स, एवढेच भांडवल. चेहरा नाही, आवाज नाही; कागदावर उमटणारी अक्षरे तेवढी.

वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हे यंत्र त्यांच्या हातून महिनोन्‌महिने घडताना पाहिले होते. त्यामागे कोणी नाही हे तिला पुरते माहीत होते. तरी थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर तिने साहेबांना विनंती केली, जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबाउम हबकले. दहा वर्षांनी, १९७६ साली, त्यांनी या विषयावर एक आख्खे पुस्तक लिहिले. जे काम माणसाच्या कळकळीने व्हावयाचे ते यंत्रावर सोपवू नये, हा त्यांचा आग्रह. मला हा गृहस्थ फार आवडतो. आपल्याच खेळण्याला भिणारा शोधक विरळा.

मास्तरकी करणारी यंत्रेही फार मागे नव्हती. १९७० मध्ये हाइमे कार्बोनेल यांचे 'स्कॉलर' दक्षिण अमेरिकेचा भूगोल शिकवी. विद्यार्थ्याला प्रश्न विचारी आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरेही देई. नव्वदीच्या दशकात या यंत्रांना चेहरे फुटले. मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस ९७' मधली ती डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप अनेकांना आठवत असेल. पत्र लिहावयास बसले की मध्येच टपकून "मदत करू का?" म्हणणारी. लोक तिला इतके कंटाळले की २००७ च्या आवृत्तीतून तिला काढूनच टाकले. आगंतुक पाहुण्याला चेहरा गोड असून चालत नाही.

तिच्याहून भला होता हर्मन नावाचा किडा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात जेम्स लेस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. परक्या ग्रहावरच्या हवामानात तगेल असे रोप मुलांनी बनवावयाचे. मुळे, खोड, पाने निवडावयाची. आणि हर्मनने उडत-बागडत समजावून सांगावयाचे. पोरे खूष. सर्वांना वाटले, सारी करामत त्या किड्याच्या रूपाची.

रोझाना मोरेनो आणि रिचर्ड मेयर यांनी लेस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांसह हे तपासून पाहिले. त्यांनी सरळ हर्मनलाच पडद्यावरून उचलले! २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत असे दिसले की, किडा दिसो न दिसो, मुलांच्या शिकण्यात म्हणावा तसा फरक पडत नाही. फरक पडतो तो छापील मजकुराऐवजी आवाज ऐकू आला तर, आणि मुलांना स्वतः निवड करावयास मिळाली तर. त्याआधी २००० साली या दोघांनी वीज कशी कोसळते याचा पाठ दोन तऱ्हांनी दिला होता; एकात कोरडी पुस्तकी भाषा, दुसऱ्यात 'मी' आणि 'तू'. पाठ केलेले सांगण्यात दोन्ही गट जवळजवळ सारखेच. पण नवा प्रश्न टाकला की दुसरा गट पुढे.

आणि मग २००४ सालचा तो फुप्फुसांचा पाठ. मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात केले काय, तर काही ठिकाणचा 'द' काढून 'युअर' घातला. 'फुप्फुसे' ऐवजी 'तुझी फुप्फुसे'. एवढ्याने नव्या प्रश्नांची उत्तरे सुधारली. हे वाचले आणि मला माझा इस्त्रीचा सदरा आठवला.

आता इंग्रजीला एकच 'यू'. आपली पंचाईत मोठी. 'तू' म्हणावे तर शेजारी बसलेल्या आजोबांच्या कानी पडते. 'तुम्ही' म्हणावे तर पोर मागे वळून पाहते की सर कोणाशी बोलताहेत! शिवाय या औषधालाही मर्यादा आहे. २०१३ मध्ये अनेक प्रयोग एकत्र मांडून पाहिले, तेव्हा लांबलचक पाठात हा गुण ओसरतो असे आढळले. तासभर लाडीगोडी कोणालाच सोसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले, आणि आता एका छायाचित्रावरून बोलता मास्तर बनवता येतो, तो उत्तरेही देतो. वायझेनबाउम यांचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मी तो पाठ पुन्हा केला. या वेळी पुस्तक मिटून ठेवले. "छातीवर हात ठेव. आता श्वास घे. तुझी फुप्फुसे भरताहेत ती जाणवतात का?" असे म्हणत गेलो. मजकूर तोच, पाच-सहा शब्दच निराळे.

संध्याकाळी पुन्हा त्याच मुलीचा फोन. मला वाटले, शाबासकी देणार.

"सर, आजीनेपण छातीवर हात ठेवला. तिचा श्वास माझ्यापेक्षा लवकर लवकर होतोय. आणि ती बोलताना थांबते. असं का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या पाठात नव्हते. आरोग्य केंद्राचा नंबर तिला दिला, दोनदा वदवून घेतला, आणि तोंडाला मास्क बांधून मी स्वतःही तिच्या घराकडे निघालो.