कडी, कोयंडा आणि रायफल

आमच्या घराण्यात शस्त्र म्हणून अडकित्ता तेवढा चालला. मी स्वतः आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. तरीही शिकारीला बोल्ट-ॲक्शन रायफल कोणती घ्यावी, यावर माझं मत अगदी पक्कं आहे. जी वस्तू आपल्याला जन्मात विकत घ्यायची नसते, तिच्याविषयी माणसाची मतं नेहमीच पक्की असतात.

आता बोल्ट म्हणजे काय? सरळ सांगायचं तर दाराची कडी. वर उचला, मागे ओढा, रिकामं काडतूस बाहेर. पुढे ढकला, नवं काडतूस आत. खाली पाडा, दार बंद! ही युक्ती रणांगणावर आणणारा प्रशियाचा ड्रायझे हा कुलुपं करणाऱ्याचा मुलगा होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याची बंदूक प्रशियाने १८४१ साली लष्करात घेतली. १८६६ च्या लढाईत ऑस्ट्रियाचे सैनिक नळीच्या तोंडातून बार ठासत होते आणि प्रशियाचे सैनिक आडवे पडून भराभर गोळ्या झाडत होते. लढाई अर्थात कडीवाल्यांनी जिंकली.

सैन्यातून ही कडी शिकाऱ्यांकडे आली. शिकाऱ्याचा जीव अडकलेला असतो तो दुसऱ्या गोळीत. पहिली गोळी कुणीही झाडतो हो! ती चुकली आणि वाघ आपल्याकडे बघायला लागला, की मग खरा प्रश्न. जिम कॉर्बेट १९०७ साली चंपावतच्या वाघिणीमागे गेला तेव्हा तिच्या नावावर ४३६ माणसं होती आणि याच्याजवळ काडतुसं होती तीन. तिन्ही संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभीच. शेवटी कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची जुनी खिळखिळी बंदूक हातातून घेऊन परत आला. सरकारी दप्तरातली वस्तू वेळेवर कामाला आल्याची ही दुर्मीळ नोंद म्हटली पाहिजे. पुढे संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांनी त्याला बक्षीस दिली ती लंडनच्या रिग्बीची .२७५ बोअरची रायफल. तिची कडी मात्र जर्मन, मॉझरची.

पाउल मॉझरच्या १८९८ सालच्या कडीला एक लांब पोलादी आकडा असतो. काडतूस पेटीतून वर आलं रे आलं, की हा आकडा त्याची कड पकडतो आणि रिकामं होऊन बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. जत्रेत आई पोराचं मनगट धरते ना, तसं. घाबरलेल्या माणसाने कडी अर्धवट ओढली तरी काडतूस भलतीकडे जात नाही. अमेरिकन सरकारने आपल्या स्प्रिंगफील्ड रायफलीत मॉझरच्या युक्त्या घेतल्या आणि त्यापायी त्याला दोन लाख डॉलर मोजले.

ऑस्ट्रियाची १९०३ ची मॅनलिखर-शोनाउअर दिसायला याहून देखणी. तिच्यात काडतुसं पाळण्यासारखी गोल फिरत वर येतात आणि कडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी सरकते. अशी रायफल भिंतीवर लावली तर पाहुणे चहा दोनदा घेतात.

अमेरिकेच्या विंचेस्टरने १९३६ साली काढलेल्या मॉडेल ७० मध्ये हा मोठा आकडा होता. १९६४ साली खर्च वाचवायला तो काढला आणि काडतूस नुसतं पुढे ढकलणारी साधी कडी बसवली. हरणाच्या शिकारीला ती पुरते, नेमही उत्तम लागतो. पण गिऱ्हाईक असं रुसलं की ‘चौसष्टच्या आधीची’ ही रायफलीची वेगळी जातच झाली. कंपनीला १९९० च्या दशकात आकडा परत आणावा लागला.

म्हणजे माझं मत मॉझरला. पण त्याच .२७५ ने डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत शेकड्यांनी हत्ती मारले. सगळ्या बंदुका मिळून त्याचा हिशेब १०११. गोळी जेमतेम तोळाभराची. पण त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवलं होतं. सगळा खटाटोप हस्तिदंतासाठी. कॉर्बेटने तसल्याच रायफलीने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, तोही एका गोळीत, आणि यात्रेकरू रात्री निर्धास्त झोपले. कडी दोघांची सारखीच. दार कुणासाठी उघडायचं हे ती ठरवत नाही.

आपल्याकडे कायद्याने हौसेच्या शिकारीचं दार बंद झालं, ते बरंच झालं. रायफल निवडण्याच्या या चर्चेत आजवर हत्तीला कुणी विचारलेलं नाही. त्याला दुकानात नेलं असतं, तर त्याने सगळ्या रायफली सोंडेने हलवून पाहिल्या असत्या आणि जिच्यात काडतूस हमखास अडकतं, तीच बांधून द्यायला सांगितली असती.