ईस्टब्रिजची धर्मशाळा

कँटरबरी म्हटले की संत थॉमस बेकेट यांचे नाव ओठांवर येते. २९ डिसेंबर ११७० रोजी राजा दुसरा हेन्री याच्या चार सरदारांनी या आर्चबिशपांना त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये ठार केले. ११७३ साली पोप तिसरे अलेक्झांडर यांनी त्यांना संतपद दिले आणि या रक्तसाक्ष्याच्या कबरीकडे युरोपभरातून यात्रेकरूंची रीघ लागली. हा इतिहास बहुतेकांच्या परिचयाचा आहे. परंतु आलेला यात्रेकरू रात्री निजला कुठे? ज्याच्या पायांना फोड आले आहेत आणि ज्याची थैली रिकामी आहे, त्याला त्या गजबजलेल्या नगरीत दार कोण उघडत होते?

कॅथेड्रलपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर, स्टाऊर नदीच्या पुलावरच, एक दगडी वास्तू उभी आहे. तिचे नाव ईस्टब्रिज हॉस्पिटल. हॉस्पिटल हा शब्द वाचून औषधपाण्याचा दवाखाना डोळ्यांपुढे आणू नये. मूळ लॅटिन शब्दात पाहुणचाराचा अर्थ आहे. आपण तिला धर्मशाळाच म्हणू. बाराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड फिट्झ-ओडबोल्ड नावाच्या नगरवासीयाने ती गरीब यात्रेकरूंसाठी उभारली. पायऱ्या उतरून खाली गेले की कमानींचे तळघर लागते. तेथे यात्रेकरू निजत. वर भोजनगृह आणि प्रार्थनामंदिर. भोजनगृहाच्या भिंतीवर तेराव्या शतकातील, सिंहासनस्थ ख्रिस्ताचे चित्र आहे. शतकानुशतके ते झाकलेले होते. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा उजेडात आले.

चौदाव्या शतकात या घराला अवकळा आली, तेव्हा आर्चबिशप जॉन स्ट्रॅटफर्ड यांनी १३४२ साली नवे नियम घालून दिले. ते वाचताना आम्हांला मोठी गंमत वाटली. धडधाकट यात्रेकरूस एकच रात्र आसरा, आणि त्याच्यासाठी खर्च चार पेन्स. आजारी असेल त्याला अधिक दिवस राहता येई, आणि जागा देताना त्याचाच विचार आधी होई. बिछान्यांची आणि आजाऱ्यांची देखभाल करणारी स्त्री चाळिशी उलटलेली असावी, हेही सांगायला आर्चबिशप विसरले नाहीत! दया करायची, पण डोळे उघडे ठेवून, असा तो रोकडा व्यवहार होता.

पुढे १५३८ साली आठव्या हेन्रीने संत थॉमस यांचे स्मारक उद्ध्वस्त केले. सोने आणि रत्ने राजाच्या खजिन्यात गेली. यात्रा संपली. मग यात्रेकरूंच्या घराचे काय उरणार? नवल असे की बिछाने उरले. राणी मेरीच्या काळात कार्डिनल पोल यांनी १५५७ साली चौकशी करविली, तेव्हा वाटसरू आणि जखमी माणसांसाठी पुरुषांचे आठ आणि स्त्रियांचे चार बिछाने ठेवणे या घराला बंधनकारक असल्याची नोंद झाली. वर्षाकाठी वीस गाड्या जळाऊ लाकूडही मिळत असे. पोल हे कँटरबरीचे शेवटचे कॅथॉलिक आर्चबिशप.

येथे आम्हांला एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. यानंतर हे घर ज्यांनी राखले ते आपल्या पंथाचे नव्हते. आर्चबिशप पार्कर यांनी १५६९ साली घराची नवी घडी बसवून तेथे गरीब मुलांची शाळा सुरू केली. ती सुमारे तीन शतके चालली. व्हिटगिफ्ट यांनी १५८४ साली नियम करून नगरातील दहा गरिबांना तेथे कायमचे घर दिले. हाच तो काळ, जेव्हा इंग्लंडमध्ये कॅथॉलिक राहणे धोक्याचे होते. पुढे ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली मायदेश सोडून गोव्यास पोहोचले होते. छळाची ती बाजू आम्ही विसरत नाही. पण त्याच राजवटीच्या आर्चबिशपांनी संत थॉमस यांच्या नावाचे घर मोडले नाही, एवढे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे.

आज तळघरात पर्यटक डोकावतात. यात्रेकरूंचे बिछाने केव्हाच गेले. मात्र त्याच वास्तूत कँटरबरीचे काही वृद्ध रहिवासी अजूनही राहतात, आणि त्यांच्या घराखालून स्टाऊर नदी वाहते.